सेटअपदादा

जुळे सोलापुरात रात्री साडेदहानंतर एखाद्या बंगल्याच्या वरच्या खोलीतून टायर किंचाळल्याचा आवाज आला, तर गॅलरीत धावत यायचं कारण नसतं. सेटअपदादा मोन्झाला गेलेला असतो.

दिवसा तो बँकेत कर्जाची कागदपत्रं तपासतो. रात्री टेबलाला लॉजिटेकचं स्टीअरिंग आवळतो आणि 'असेटो कोर्सा' हा गाड्यांच्या शर्यतीचा गेम सुरू करतो. त्यातल्या मोन्झाच्या ट्रॅकचा फेरा 5.793 किलोमीटरचा, वळणं 11. दादाचा मुक्काम मात्र बहुतेक वेळ पिटमध्ये, सेटअपच्या, म्हणजे गाडीच्या मांडणीच्या पानावर. आणि त्या पानावर त्याचं दैवत एकच: अँटी-रोल बार.

हे दैवत तसं जुनं आहे. कॅनडातल्या स्टीफन कोलमन यांना त्याचं पेटंट 1919 सालीच मिळालं. डाव्या-उजव्या चाकांना जोडणारा हा पोलादी दांडा. वळणावर गाडी कलली की त्याला पीळ बसतो आणि तो कलणं रोखतो. बाहेरच्या चाकांवर एकूण किती भार सरकणार हे वेग, वळण, गाडीचा गुरुत्वमध्य आणि चाकांमधलं अंतर ठरवतं. बार फक्त पुढच्या आणि मागच्या चाकांत त्याचे हिस्से पाडतो. इस्टेट तेवढीच, वाटणी बदलते. गोम अशी, की टायरवरचा भार दुप्पट झाला म्हणून पकड दुप्पट होत नाही. त्यामुळे ज्या बाजूचा बार कडक, तिथली पकड आधी संपते. पुढचा कडक केला तर गाडी वळायला कुरकुरते. मागचा केला तर शेपूट पुढे यायला बघते.

हे सगळं दादा कोणालाही समजावतो. सोलापूरला नळाला पाणी रोज येत नाही. ज्या रात्री येतं त्या रात्री शेजारचे काका आयतेच सापडतात. पाच मिनिटं ऐकून ते म्हणतात, "असू दे बे, आधी मोटर लाव."

एका वेळी एकच बदल करावा, मग पाच-सहा फेऱ्या माराव्यात, हा नियम दादाला पाठ आहे. पाळत नाही. बार, टायरमधली हवा आणि मागचा विंग तो एकदमच हलवतो. वेळ सुधारली की श्रेय बारला, गाडी भिंतीत गेली की दोष हवेला. पहिल्याच शिकेनला ब्रेक उशिरा दाबला तर कुठलाही बार गाडी वळवत नाही, हे त्याला सांगणार कोण?

'आयरेसिंग' या दुसऱ्या गेममध्ये काही शर्यती फिक्स्ड सेटअपच्या असतात. सगळ्यांना एकच मांडणी, हात लावायची सोय नाही. दादा तिकडे फिरकत नाही. हरल्यावर बोलायचं कशाबद्दल?

परवा त्याची खरीखुरी हॅचबॅक विजापूर रोडवरच्या गॅरेजात गेली. स्पीडब्रेकरवर 'खटखट' वाजायची, बरेच महिने. मिस्त्री खाली वाकला.

"लिंक रॉड गेल्यात की दोन्ही. बार नुसताच लोंबतोय."

दादाचा चेहरा उतरला. मग सावरून त्यानं विचारलं, "मागचा बार जरा कडक मिळंल का?"

"मागं बार नसतोय ह्याला," मिस्त्री म्हणाला. "पुढचे लिंक कंपनीचे येतेत तसलेच. टाकू का?"