डॉक्टर बदलला, रोगी तोच

‘डॉक्टर हू’ या ब्रिटिश मालिकेच्या चाहत्यांची पचनशक्ती वाखाणण्यासारखी आहे. दोन हृदयांचा, शेकडो वर्षं जगलेला परग्रहवासी, बाहेरून पोलिसांच्या निळ्या खोक्याएवढं आणि आतून राजवाड्याएवढं यान, मिरपुडीच्या डबीसारखे दिसणारे आणि तरीही विश्व जिंकायला निघालेले डॅलेक, हे सगळं ते चहात बिस्किट बुडवून खावं तितक्या सहजपणे पचवतात. पण त्या परग्रहवासीयाच्या भूमिकेत नवा नट आला, की अजीर्ण होतं. ‘हा काही डॉक्टर वाटत नाही’ हा निकाल तत्काळ लागतो. दोन हृदयांचा माणूस नेमका कसा वाटायला हवा, हे त्यांना कुठे पाहायला मिळालं, असं मात्र विचारायचं नाही. मग यादी होते: पहिला कोण, शेवटचा कोण, कोणाला उगाच डोक्यावर घेतलं. या याद्यांबद्दल माझी तक्रार एवढीच आहे, की गुणपत्रिकेवर नाव नटाचं असतं आणि तपासलेले पेपर भलत्यांचेच असतात. लेखकाचा, निर्मात्याचा, शिंप्याचा, आणि एक पेपर खुद्द परीक्षकाच्या जन्मतारखेचा.

मुळात ही स्पर्धा कोणी भरवलीच नव्हती. २३ नोव्हेंबर १९६३ रोजी बीबीसीवर मालिका सुरू झाली तेव्हा विल्यम हार्टनेल हे एकच डॉक्टर होते. १९६६पर्यंत त्यांची तब्येत ढासळली. मालिका बंद करायची नव्हती आणि नायकाला काम झेपत नव्हतं. तेव्हा डॉक्टरचं जुनं शरीर थकलं की त्याला नवं मिळतं, अशी पळवाट निघाली आणि पॅट्रिक ट्राउटन आले. या कायापालटाला आज रूढ असलेलं नाव तर मालिकेत १९७४मध्ये आलं. म्हणजे आधी बदली झाली आणि शासन निर्णय आठ वर्षांनी निघाला. ट्राउटन तेव्हा काही प्रेक्षकांना विदूषकी वाटले होते. आज मात्र त्यांचं नाव घेताना जाणकार कानाची पाळी पकडतात. मधल्या काळात घडलं काय, तर बीबीसीने साठच्या दशकातल्या बऱ्याच चित्रफिती पुसून टाकल्या. त्या दशकातले नव्वदहून अधिक भाग आजही बेपत्ता आहेत आणि त्यांतले निम्म्याहून जास्त ट्राउटन यांचे आहेत. उरलेल्या कामावरूनही ते थोर नट होते हे दिसतं, त्याबद्दल वाद नाही. पण उत्तरपत्रिका गहाळ झाल्यावर विद्यार्थ्याचे गुण वाढावेत, असं भाग्य इतर परीक्षांत सहसा लाभत नाही.

याहून बोलका पुरावा १९८४चा आहे. पीटर डेव्हिसन यांची शेवटची कथा त्या वर्षी मार्चमध्ये संपली आणि पुढच्याच आठवड्यात कॉलिन बेकर यांची पहिली सुरू झाली. २००९मध्ये ‘डॉक्टर हू मॅगझिन’ने वाचकांकडून तोवरच्या २०० कथांची क्रमवारी लावून घेतली, तेव्हा डेव्हिसन यांची ती कथा पहिली आली आणि बेकर यांची शेवटची. आठवड्याभरात अभिनयकला १९९ पायऱ्या घसरली असेल, तर ती भूगर्भशास्त्रज्ञांनी नोंदवायला हवी होती. खरं कारण साधं आहे. पहिली कथा रॉबर्ट होम्स यांनी लिहिली होती आणि ग्रॅम हार्पर यांनी दिग्दर्शित केली होती. दुसरीत नव्या डॉक्टरला आल्या आल्या स्वतःच्या सहप्रवासिनीचा गळा आवळायला लावलं होतं. वर अंगात गोधडी फाडून शिवल्यासारखा रंगीबेरंगी कोट. बेकर यांना काळा पोशाख हवा होता, पण निर्मात्याला मुद्दाम भडक, अभिरुचिहीन काहीतरी हवं होतं. १९८६मध्ये नारळ मात्र मिळाला बेकर यांना. पुढे ध्वनिनाट्यांत याच नटाला बरी संहिता मिळाली, कोट दिसेनासा झाला आणि चाहत्यांना त्यांच्यात एकाएकी उत्तम डॉक्टर सापडला.

यावर हमखास येणारा आक्षेप असा, की मग अभिनयाला काही किंमतच नाही का? आहे, आणि ती मोजताही येते, फक्त मोजायचं माप एक हवं. मराठी माणूस ‘नटसम्राट’मधल्या अप्पासाहेब बेलवलकरांवरून ‘लागू की दत्ता भट’ असा वाद घालतो, तेव्हा त्या वादाला पाया असतो. शिरवाडकरांचे शब्द तेच, प्रसंग तेच, बदलतो तो नट. डॉक्टरच्या बाबतीत नटाबरोबर संहिता बदलते, बहुधा लेखक-निर्मात्यांची फळी बदलते, खर्चाचा अंदाज बदलतो. एकाने पाटा खेळपट्टीवर केलेल्या धावा आणि दुसऱ्याने चिखलात केलेल्या धावा एकाच तक्त्यात मांडून वर दशांशापर्यंत सरासरी काढण्याचा हा उद्योग आहे.

दुसरा आक्षेप टॉम बेकर यांच्या नावाने येतो. ते नावडते असणारा चाहता विरळा, मग हा निव्वळ गुण नव्हे का? गुण आहेच. पण १९७४ ते १९८१ अशी सलग सात वर्षं ते डॉक्टर होते, इतका काळ पडद्यावर सलग दुसरं कोणी नव्हतं. त्या वर्षांत ब्रिटनमधलं पोर दूध सोडून शाळेत जायला लागेपर्यंत डॉक्टर म्हणजे लांबलचक मफलर, हेच समीकरण होतं. चाहते स्वतःच ‘माझा डॉक्टर’ असा शब्द वापरतात आणि त्याचा अर्थ बहुधा आपल्या लहानपणी जो होता तो. कबुली इतकी स्वच्छ असताना निकालपत्रावर मात्र ‘वस्तुनिष्ठ’ असा शिक्का मारतात.

आता तर परीक्षेच्या आधीच निकाल लागतो. जोडी व्हिटेकर यांचं नाव २०१७च्या जुलैत जाहीर झालं, त्यांची पहिली पूर्ण कथा २०१८च्या ऑक्टोबरात आली. मधल्या पंधरा महिन्यांत त्या साफ नापासही झाल्या आणि सर्वश्रेष्ठही ठरल्या. एका पक्षाला शरीराची प्रत्येक पेशी बदलणं मान्य होतं, फक्त बाई होणं अशास्त्रीय वाटत होतं. दुसऱ्या पक्षाला संहितेतला कच्चा दुवा दाखवणाराही स्त्रीद्वेष्टा वाटत होता. २०२५च्या मे महिन्यात शूटी गॅटवा यांच्या जागी शेवटच्या क्षणी बिली पायपर यांचा चेहरा झळकला. त्या डॉक्टर आहेत की आणखी कोणी, हेही मालिकेने सांगितलं नाही. तुलना मात्र त्याच रात्री सुरू झाली.

तेव्हा एक नम्र सूचना. यादी करणाऱ्याने सोबत प्रतिज्ञापत्र जोडावं: जन्मवर्ष, प्रत्यक्ष पाहिलेले भाग, ऐकीव माहितीवर आवडलेले भाग, आणि नटाच्या खात्यावर टाकलेले लेखकाचे अपराध. यातून वाद मिटणार नाहीत, ते मिटूही नयेत. आपला डॉक्टर गेल्याचं दुःख नव्यावर राग काढूनच हलकं होतं आणि त्या रागापायी माणूस पुढचा भाग पाहतो. १९६६मध्ये एका आजारी नटासाठी काढलेला तोडगा त्यामुळेच अजून लागू पडतो. डॉक्टरला नवं शरीर मिळतं, आणि चाहत्याला जुनं दुखणं.