बेटावरचे भाडेकरू

भाचा अंदमानला जाऊन आला आणि आल्या आल्या ठाण्याहून त्याचा फोन. "मामा, तुम्ही दोघं एकदा बेटावर जाऊन याच. निळंशार पाणी, नारळाची झाडं, काही करायचं नाही, नुसतं बसायचं!" नुसतं बसणं मला निवृत्तीपासून घरबसल्या जमतं, त्याला विमान कशाला, हा प्रश्न मी गिळला. मागोमाग फोटो आले. पहिले तीस सेल्युलर जेलचे. सुट्टीची सुरुवात तुरुंगापासून करावी ती मराठी माणसानेच. सावरकरांच्या कोठडीपुढे हात जोडल्याशिवाय समुद्रात पाय बुडवणं त्याला चैनीचं वाटतं. एकतिसाव्या फोटोपासून हॅवलॉक. आता त्याचं नाव स्वराज द्वीप आहे, पण भाचा हॅवलॉकच म्हणतो. आम्ही नाही का अजून ऑपेरा हाऊस म्हणत.

"अहो, आपण कधी बेटावर गेलोच नाही," बायको म्हणाली.

"जाणार कसे? आपण बेटावरून निघालोच नाही."

तिने चष्म्यावरून पाहिलं. पण मी विनोद करत नव्हतो. शाळेत आपण सगळ्यांनी घोकलेलं आहे: कुलाबा, छोटा कुलाबा, मुंबई, माझगाव, परळ, वरळी, माहीम. सात बेटं, एकोणीस अक्षांश, म्हणजे कर्कवृत्ताच्या चांगलं खाली. जाहिरातीत 'ट्रॉपिकल' म्हणतात ते याहून वेगळं काय असतं? माझं गिरगाव मुंबई बेटावरचं आणि हिचं माहेर लालबागला, म्हणजे परळ बेटावर. मधला भाग भरतीला पाण्याखाली जायचा. अठराव्या शतकात महालक्ष्मी ते वरळी बांध घातला गेला, तेव्हा कुठे तिथलं पाणी हटायला लागलं. तो बांध नसता तर आमचं वऱ्हाड होडीने न्यावं लागलं असतं, आणि सासरेबुवांनी मानपानात होडीचं भाडंही काढलं असतं.

भाड्यावरून आठवलं. पोर्तुगिजांनी १६६१ च्या करारात हे बेट राजकन्येबरोबर इंग्लंडच्या राजाला आंदण दिलं. त्याला ते परवडेना. १६६८ मध्ये त्याने ते ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकलं, वर्षाला दहा पौंड भाड्याने! आमच्या खोलीचं भाडं ऐकून नवे लोक हसतात. हसू देत. बेटाची परंपराच तशी आहे. आणि एकदा आत शिरलेल्या भाडेकरूने नंतर काय केलं, तेही सगळ्यांना ठाऊक आहे.

बरं, नारळाची झाडं म्हणाल तर आमच्याकडे नावांची बागायत आहे. फणसवाडी, आंबेवाडी, केळेवाडी, बोरभाट, मुगभाट, पलीकडे ताडदेव, पुढे चिंचपोकळी. फणसवाडीत आता फणस दिसतो तो भाजीवाल्याच्या हातगाडीवर, गरे सोललेला. पण पत्ता सांगताना तोंडात गोडवा राहतो, हे काय कमी आहे?

एवढं ऐकून बायको म्हणाली, "मग दाखवा की तुमचं बेट." आली का पंचाईत!

समुद्र बघायचा तर ओहोटी हवी, आणि ओहोटीचा हिशेब माझ्या आजीने शिकवलेला आहे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. पावकी-निमकीबरोबर पाऊणकी पाठ असलेली आमची शेवटची पिढी, आणि तिचा आयुष्यात उपयोग झाला तो एवढाच. अमावास्येला पाणी छान मागे जातं, पण अमावास्येला घराबाहेर पडायचा विषयच नव्हता. द्वितीया ठरली. बे पाऊणे दीड. भरती दुपारी दीडला, म्हणजे ओहोटी सकाळी साडेसातला.

साडेसहालाच रबरी चपला घालून चौपाटीवर उतरलो. भेळेच्या गाड्या झोपलेल्या, डाव्या हाताला मरीन ड्राइव्हचे दिवे मालवलेले, उजवीकडे मलबार हिलची झाडी. पाणी एवढं मागे गेलेलं की ही चौपाटी आपली नव्हेच असं वाटावं. पाणी निळं नव्हतं, ते मी आधीच कबूल करतो. चहात दूध जास्त पडल्यावर होतो तो रंग. निर्माल्य होतं, एकट्या पायातली चप्पल होती, आणि भाच्याच्या फोटोत न सापडणाऱ्या बऱ्याच गोष्टी होत्या.

पण ओल्या वाळूवर बारीक बारीक गोळ्यांची रांगोळी पडली होती, साबुदाण्याएवढी. बायको वाकली. मसुराएवढा एक खेकडा बिळातून निघायचा, वाळू तोंडात घ्यायचा, तिच्यातलं खाण्याजोगं काढून उरलेल्या वाळूची गोळी वळून बाजूला ठेवायचा. "याला एकदा साबुदाणे निवडायला बसवला पाहिजे," ती म्हणाली.

पुढे खडकाजवळच्या डबक्यात एक शंख चालत होता. संन्यासी खेकडा. हे नाव कोणी ठेवलं कोण जाणे, कारण या संन्याशाचा सगळा जन्म जागेच्या चिंतेत जातो. शरीर वाढतं, खोली वाढत नाही. मग तो दुसऱ्याचा टाकलेला शंख गाठतो, नांग्यांनी आतबाहेर मापतो आणि पटकन घर बदलतो. याने सोडलेल्या शंखात याच्याहून लहान शिरतो. कधी कधी तर लहानमोठे खेकडे रांग लावून उभे राहतात, म्हणे. मी हे सांगितल्यावर बायको त्याच्याकडे जरा आपुलकीने बघायला लागली. आमच्या चाळीच्या पुनर्विकासाची सातवी बैठक त्याच आठवड्यात झाली होती.

कोस्टल रोडच्या वेळी वरळी आणि हाजीअलीच्या खडकांवरची प्रवाळं उचलून दुसरीकडे नेऊन लावली, तेही मग मला सांगावं लागलं. "प्रवाळं? इथे?" तिला आधी त्याचंच आश्चर्य. मग म्हणाली, "म्हणजे त्यांनाही ट्रान्झिट कॅम्प! परत आणणार आहेत का?" त्यावर मी काय बोलणार?

साडेआठला पाणी घोट्याशी आलं. साडीचा काठ भिजला, माझ्या चपलेचा अंगठा तुटला, आणि एक कावळा आमच्या डबक्यात येऊन बसल्यावर संन्याशाने दार लावून घेतलं. येताना पन्नास रुपयांचा नारळ साठला पडला. पर्यटकांना भाव वेगळा असतो, ते तेव्हा कळलं.

घरी आल्यावर हिने भिंतीवरचं कालनिर्णय खाली घेतलं. शिवडीला, म्हणजे तिच्या माहेरच्या बेटावर, हिवाळ्यात रोहित पक्षी येतात. तिथे कधी जायचं ते पेन्सिल घेऊन बोटांवर मोजत बसली. मग पुढच्या महिन्यातल्या द्वितीयेच्या चौकोनात, 'दूध १ लि. जास्त' आणि 'गॅस' यांच्या खाली, बारीक अक्षरात लिहिलं: ओहोटी ७॥. चप्पल शिवून घेणे.