उपाशी गोधडी

निवृत्तीनंतर मी काय काय करायचं नाही, याची यादी आमच्या घरी सगळ्यांना पाठ आहे. तीत गोधडी नव्हती, तेवढ्या फटीतून मी आत शिरलो आणि बासष्टाव्या वर्षी हातात सुई घेतली. "अहो, शिवा, पण दारात बसून नको," एवढंच ही म्हणाली. दारात बसलो नाही तर दिसणार कुणाला?

यंत्रमागांच्या खडखडाटात वाढलेल्या बऱ्हाणपुरात हाताने टाके घालणारा पुरुष म्हटल्यावर गल्लीतल्या बायका थांबायच्या, टाके बघायच्या आणि ओठ दाबायच्या. त्या कौतुक दाबतात, असा माझा समज. सतराव्या शतकात ताव्हर्निये नावाचा फ्रेंच व्यापारी इथून गेला आणि इथलं तलम कापड इराण, तुर्कस्तान, पोलंडपर्यंत जातं असं लिहून गेला. माझी पहिली गोधडी हडपसरपर्यंत गेली. परंपरा चालू आहे.

आता धावदोऱ्याविषयी. सुई खाली, सुई वर, काठापासून फिरत फिरत मध्यापर्यंत. हे मला कुंडी भंडाऱ्याने शिकवलं, असं मी पाहुण्यांना सांगतो. (शिकवलं अक्काने. पण तसं सांगितलं की पाहुणे चहा संपवून उठतात.) 1615 च्या सुमारास, खानखाना रहीम, म्हणजे तेच दोहेवाले, त्यांच्या काळात सातपुड्यातून झिरपणारं पाणी जमिनीखालच्या बोगद्यातून शहरात आणलं, तोच हा कुंडी भंडारा. ना मोट, ना पंप. नुसता उतार. वर दिसतात त्या फक्त कुंड्यांची तोंडं, एकामागून एक, शंभरावर. म्हणजे डोंगर आणि शहर यांना घातलेला धावदोराच की हा! टाका वर, दोरा खाली. हे सुचलं त्यानंतर दोन दिवस मी कुणाशी साधेपणाने बोलू शकलो नाही. भाच्याच्या साखरपुड्यात सांगितलं. एका दशक्रियेला, कावळा शिवत नव्हता तेवढ्या वेळात सांगितलं. बँकेत पासबुक भरून घेताना सांगितलं. "पण खानखानाच्या कुंड्या सरळ रेषेत आहेत," ही म्हणाली. खानखानाच्या घरी यावर काय बोलणं होत असे, ते इतिहासाने लिहून ठेवलेलं नाही.

गोधड्या साठल्या, मग वाटल्या. हडपसरच्या मुलाने त्याच्या गोधडीला काचेची चौकट करून ती भिंतीवर लावली. "बाबा, इतकी सुंदर आहे की वापरवत नाही." तीन दिवस मी तरंगत होतो. चौथ्या रात्री थंडी वाजली म्हणून पांघरूण मागितलं, तर ऑनलाइन मागवलेलं पॉलिएस्टरचं ब्लँकेट आलं. अंगाला चटचट ठिणग्या, आणि समोर भिंतीवर माझी गोधडी! पुतणीने तिची गोधडी डांबराच्या गोळ्या घालून माळ्यावर टाकली. मुमताजसुद्धा 1631 साली इथेच गेली. सहा महिने तापीपलीकडे जैनाबादला होती, मग आग्र्याला नेली आणि अखेर संगमरवरात बंद झाली. आमच्या गावच्या चिजेचं असंच होतं.

पण खरं सांगतो, मला राग आला. गोधडीवर पोरांनी मुतावं, ती नदीवर बडवावी, विरली की तिच्यावरच नवा थर चढवावा. ती जपून ठेवायची वस्तूच नाही.

हा राग घेऊनच मागच्या महिन्यात रावेरला अक्काकडे गेलो. तिला दिलेली गोधडी खास होती. आतल्या थरात मायचं लुगडं. त्याला कात्री लावायचा धीर झाला नाही, तसंच घडी करून घातलं, त्यामुळे गोधडी एका अंगाला फुगलेली. ती कुठे दिसावी? दारातल्या टेम्पोत, केळीच्या घडांखाली. केळीचा चीक कापडाला लागला की जन्माचा काळा डाग. असे बारा-पंधरा डाग.

"अक्का, आत मायचं लुगडं आहे!"

"माहीत आहे. हाताला लागतं."

"मग?"

"मायचं कुठलं लुगडं बिनचिकाचं होतं, भाऊ? घड वाहताना डोक्यावर चुंबळ कशाची करायची ती? तू तेव्हा शाळेत असायचास."

यावर माझ्याजवळ कुंडी भंडारा नव्हता. मला आठवतं ते पेटीतलं सणाचं लुगडं, घडीवर घडी घातलेलं. तेच मी मागून आणलं होतं.

अक्काने घड उतरवायला लावले, गोधडी ओट्यावर पसरली आणि पालथी करून टाक्यांवरून बोटं फिरवली. ओठ दाबले.

"मिटवण्याआधी आत भाकरी ठेवली होतीस?"

शेवटचा टाका घालण्याआधी भाकरीचा तुकडा आत सारायचा, गोधडी उपाशी ठेवायची नाही, ही मायची रीत. मी पडलो बी.एस्सी. मुंग्या लागतील म्हणून वगळली होती.

"तरीच," अक्का म्हणाली. तिने दातांनी कोपरा उसवला, दुपारच्या कळण्याच्या भाकरीचा तुकडा मोडून आत ढकलला आणि सुई माझ्यापुढे धरली.

"ओव. मला आता दिसत नाही."

दोरा तीनदा हुकला. चौथ्यांदा तिने सुई माझ्या हातून काढून घेतली आणि रस्त्यावरच्या कुणाशी तरी बोलता बोलता ओवली.