जेसीबी ऑपरेटरभाऊंना जाहीर आभारपत्र

प्रति,
मा. जेसीबी ऑपरेटरभाऊ,
मुक्काम : जिथे खणायचे काम निघेल तिथे.

विषय : आमच्या गावचे मोफत वायफाय एका हिसक्यात बंद केल्याबद्दल आभार मानणेबाबत.
संदर्भ : ओढ्यालगतची आपली चर.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून सविनय कळविण्यात येते की, नळयोजनेची चर खणताना आपल्या बकेटच्या दातात जी नारिंगी नळी अडकली आणि कसलीतरी मुळी समजून आपण जी ओढून बांधावर फेकलीत, ती मुळी नव्हती. तालुक्याहून आमच्या ग्रामपंचायतीत येणारी ती ऑप्टिकल फायबरची केबल होती. आपला यात काडीचा दोष नाही, हे सुरुवातीलाच लेखी देतो. नियमाप्रमाणे ही केबल जमिनीखाली १६५ सेंटिमीटर असायला हवी. आमच्याकडे ती टाकणाऱ्या ठेकेदाराने खालच्या कातळाला त्रास नको म्हणून तिला गुडघाभर खोलीवरच विसावू दिले. केबल कुठून गेली हे दाखवणारे खुणेचे दगडही होते. त्यातल्या एकाला सध्या शेळी बांधलेली असते आणि दुसऱ्यावर धुणे आपटले जाते. आपल्याला कळावे तरी कसे?

आपले कर्तृत्व आमच्यापुरतेच मर्यादित नाही, हेही नम्रपणे नोंदवतो. आमच्या भागात केबल एका गावातून दुसऱ्यात आणि दुसऱ्यातून तिसऱ्यात अशी सरळ रेषेत गेली आहे. मध्ये तुटली की पुढची सगळी गावे अंधारात. केबल गोल फिरवून आणली असती, तर एका बाजूने तुटल्यावर दुसऱ्या बाजूने नेट चालू राहिले असते. ही गोष्ट सरकारच्याही लक्षात आली आहे. २०११ च्या ऑक्टोबरात मंजूर झालेल्या आणि पुढे २०१५ मध्ये ‘भारतनेट’ असे बारसे झालेल्या योजनेला ऑगस्ट २०२३ मध्ये सुमारे १.३९ लाख कोटी रुपये नव्याने मंजूर झाले, ते बरेचसे याच गोलाकार जोडणीसाठी. गोल आमच्यापर्यंत पोचेपर्यंत सरळ रेषा आपल्या ताब्यात आहे.

आता मुख्य मुद्दा, म्हणजे आभार.

आपल्या कृपेने ग्रामपंचायतीच्या पायऱ्या मोकळ्या झाल्या. वायफायचे उद्घाटन झाले तेव्हा नारळ फुटला, पेढे वाटले आणि चौकात फ्लेक्स लागला. फ्लेक्सवर जितके चेहरे होते तितके मोबाइल एका वेळी वायफायच्या त्या डब्याला जोडले असते, तर डब्याने मान टाकली असती. डबा कार्यालयाच्या खिडकीशेजारी कपाटावर ठेवला आणि त्या दिवसापासून गावाचा नकाशा बदलला. तिसऱ्या पायरीवर सिग्नलच्या चार कांड्या, पारावर दोन, चिंचेखाली एक, तीही पावसाने पाला भिजला नसेल तर. तिसऱ्या पायरीला बाजारातल्या मोक्याच्या गाळ्याचा भाव आला. सकाळी तिथे पोलीस भरतीची पोरे सराव परीक्षा सोडवायची. दुपारी लाडक्या बहिणी ई-केवायसीसाठी आधार कार्ड पदराखाली धरून बसायच्या आणि एकीचे झाले की तिच्याच मोबाइलवर बाकीच्या चौघींचे. संध्याकाळी कुणाचा मुलगा पुण्याहून व्हिडिओ कॉल करायचा. कॉल बापाला असला तरी ख्यालीखुशाली पायरीवरचे सगळेच विचारायचे. लग्नाचे कुठवर आले, हा प्रश्न त्या पोराला निदान पाच आवाजांत ऐकू यायचा.

अंधार पडला की चिंचेखालची मंडळी यायची. आता हा डबा एका वेळी एकाशीच बोलतो. सगळ्यांशी एकदम बोलतोय असे वाटते, पण तो फार झरझर पाळी लावत असतो. लांबचा, एका कांडीवरचा मोबाइल हळूहळू बोलतो, म्हणून त्याच्या पाळीला वेळ लागतो आणि जवळचे ताटकळतात. थोडक्यात, चिंचेखाली बसून रील बघणारा एकटा माणूस पायरीवरच्या सहा जणांचा वेळ खातो. आमच्या भरतीच्या पोरांनी हे शास्त्र कुठल्याही पदवीशिवाय ओळखले आणि चिंचेखालच्यांना “एक तर जवळ या, नाही तर घरी जा” असा ठराव तोंडी मंजूर केला. ग्रामसभेत इतक्या चटकन एकमत झालेले आम्ही कधी पाहिले नाही.

माणशी रोजचे नेट ठरवून दिलेले होते. ते नंबरावर मोजले जायचे, म्हणून पोरांनी घरातले सगळे नंबर कामाला लावले. कानाने अधू असलेल्या एका आजींच्या नंबरावर एका आठवड्यात दोन दाक्षिणात्य सिनेमे उतरले. आजींना अजून पत्ता नाही. शिवाय एका उपद्व्यापी पोराने स्वतःच्या मोबाइलच्या हॉटस्पॉटला ग्रामपंचायतीचे नाव दिले आणि गंमत बघत बसला. त्याने गंमतच केली म्हणून बरे. वायफायला नाव कुणीही कुठलेही देऊ शकतो आणि बिनपासवर्डच्या जाळ्यात कोण बसलाय हे दिसत नाही, म्हणून बँकेचा पिन तिथे टाकू नये, हे पारावर कितीदा सांगितले. ऐकायला सगळे होते, पण डोके वर करून ऐकणारा कुणी नव्हता.

आणि तो ओटीपी! वायफायला जोडायचे तर मोबाइलवर ओटीपी यायला हवा. ओटीपी यायला रेंज हवी. पायरीवर रेंज नाही, म्हणून तर वायफाय आणले. मग नंबर टाकायचा, टेकावरच्या मारुतीपर्यंत पळायचे, मेसेज वाजला की आकडे पाठ करत उतरायचे आणि मुदत संपायच्या आत टाकायचे. भरतीच्या पोरांची १६०० मीटरची तयारी यातच झाली. या कवायतीला इतिहास आहे. जुलै २००८ मध्ये अहमदाबादच्या बॉम्बस्फोटांआधी काही मिनिटे जो धमकीचा ईमेल गेला, तो नवी मुंबईत सानपाड्याच्या एका घरातल्या उघड्या वायफायवरून गेला होता. त्यानंतर २००९ मध्ये सार्वजनिक वायफाय वापरणाऱ्याची ओळख पटवून घेण्याचे आदेश निघाले. कारण योग्य होते, शंकाच नाही. फक्त आदेश काढणाऱ्याच्या खोलीत रेंज होती.

तर भाऊ, हे सगळे आपण एका क्षणात थांबवलेत. पायऱ्यांवर आता पुन्हा कुत्री झोपतात. खरे सांगायचे तर आपण आलात तेव्हा वायफाय अर्धमेलेच होते. पाच वाजले की शिपाई मेन स्विच बंद करून कुलूप लावायचा. वीजबिल कार्यालयाचे, आणि कार्यालय सुटलेले. सुरुवातीला पुढची संध्याकाळ डब्याखालच्या बॅटरीवर निघायची, पण ती पहिल्या उन्हाळ्यातच फुगली. ती बदलायची कुणी? ग्रामसेवक म्हणायचे तालुक्याला विचारा. तालुका म्हणायचा ठेकेदाराला विचारा. ठेकेदाराचा देखभालीचा करार संपलेला आणि फोन लागत नसलेला. संगणक परिचालक पोरगा भला, पण त्याचे स्वतःचे मानधनच महिनोन्‌महिने थकते, त्याला कोणत्या तोंडाने सांगणार? नळाला पाणी आले नाही तर गाव पाणी सोडणाऱ्याच्या दारात जाऊन शिव्या घालते. पोलवरचा दिवा गेला तर वायरमन आहे. वायफाय गेले तर कुणाच्या दारात जायचे, हे उद्घाटनाच्या पत्रिकेत छापलेले नव्हते. आमच्या पंचायतीच्या अंदाजपत्रकात फ्लेक्सची सोय निघाली, बॅटरीची निघाली नाही. हे आमच्याच गावात घडते असेही नाही. मेळघाटातल्या हरिसालला २०१६ मध्ये डिजिटल गाव म्हणून केवढी प्रसिद्धी मिळाली आणि २०१९ च्या प्रचारसभांत त्याच हरिसालच्या जाहिरातीवर “लाव रे तो व्हिडिओ” कसे झाले, हे आपल्याला आठवत असेलच.

गंमत म्हणजे यावर उपाय कागदावर तयार आहे. २०१८ च्या दूरसंचार धोरणात २०२२ पर्यंत देशभर १ कोटी सार्वजनिक हॉटस्पॉट करायचे लिहिले होते. डिसेंबर २०२० मध्ये केंद्राने ‘पीएम-वाणी’ मंजूर केली. किराणावाला, चहावाला, कुणीही दुकानात डबा लावून नेट सुटे विकावे, त्याला परवाना नको, नोंदणी फी नको. पूर्वी पिवळ्या पाटीचे पीसीओ होते, त्याच चालीवर. ही कल्पना मला मनापासून पटते, इथे टिंगल नाही. वायफाय बंद पडले तर दुकानदाराचे गिऱ्हाईक जाते, म्हणून तो ते बंद पडू देणार नाही. आमच्या चौकातला चहावाला वीज गेली तर इन्व्हर्टरवर टीव्ही चालू ठेवतो, कारण मॅच बंद झाली की चहा बंद होतो. पण अशा छोट्या दुकानदारांकडून नेट कंपन्या घरगुती दराच्या कितीतरी पट मागत होत्या. घरगुती दराच्या दुपटीहून जास्त घेऊ नका, असे दूरसंचार नियामक ट्रायने सांगेपर्यंत जून २०२५ उजाडला. १ कोटीची मुदत तेव्हा केव्हाच उलटून गेली होती.

आपल्यासाठीही सोय झाली आहे. देशात दरवर्षी केबल सुमारे १० लाख वेळा तुटते आणि त्यात ३,००० कोटींचे नुकसान होते, असा सरकारी अंदाज आहे. म्हणजे आपण एकटे नाही, आपली मोठी बिरादरी आहे. म्हणून मार्च २०२३ मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते ‘कॉल बिफोर यू डिग’ नावाचे अ‍ॅप सुरू झाले. खणण्याआधी त्यात जागा टाकायची, मग ज्यांच्या केबली, पाइप खाली असतील त्यांना खबर जाते. अ‍ॅप उघडायला नेट लागते, आणि आमच्या ओढ्यालगत नेट नाही. ते यायचे त्या केबलीचे काय झाले, हे वर निवेदन केलेच आहे.

तरी एक विनंती आहे. पुढच्या वेळी आमच्या शिवारात बकेट लावण्याआधी पारावर पाच मिनिटे थांबा, चहा आमच्याकडून. केबल टाकली जात होती तेव्हा गावातली म्हातारी मंडळी दिवसभर चरीच्या कडेला बसून बघत होती. कुठे वळली, कुठे कातळ लागला, ठेकेदाराची माणसे कुठे जेवायला गेली ती परत आलीच नाहीत, हे सगळे त्यांना तोंडपाठ आहे. त्यांना विचारायला ओटीपी लागत नाही.

कळावे,
आपला आभारी,
एक ग्रामस्थ