हात राखून

नव्या लेथवरचं पॅकिंगचं ग्रीस कशानं काढावं, यावर माझं मत कुणीच विचारलं नव्हतं. म्हणून ते मी सविस्तर तयार ठेवलं होतं.

भाच्याच्या भोसरीच्या शेडमध्ये मशीन उतरलं आणि मी घसा साफ केला. पेट्रोल नको, उणे ४० अंशांनाही पेट घेण्याइतकी वाफ सोडतं ते. थिनर नको; ग्रीसमागोमाग मशीनचा रंगही उतरेल. साबण-पाणी तर नकोच. उघडं बीड आणि पुण्याचा जुलै! डब्ल्यूडी-४० चांगलं, १९५३ साली अमेरिकेत ते गंज टाळायलाच बनवलं. पण सबंध लेथला त्याचे फवारे मारणं म्हणजे म्हशीला अत्तरानं आंघोळ घालणं.

उरलं रॉकेल. आणि रॉकेल म्हटलं की मी रेशनच्या रांगेत जाऊन उभा राहतो. ते निळं रॉकेल! भेसळ ओळखता यावी म्हणून सरकार त्यात रंग घाली. आमची आई त्या निळाईवरून दुकानदाराचं चारित्र्य ओळखी. रांगेत आधी डबे उभे राहत, मग माणसं. मापात फेस येतोय का, याच्यावर सगळ्या आळीचा डोळा. घरी आल्यावर स्टोव्ह, पिन, काकडा. आणि भडका उडालाच तर वडिलांचं ‘काही होत नाही’, चार पावलं मागे सरून म्हटलेलं.

मी स्टोव्हपाशी पोचेतो फिटर तात्यांनी लाकडी पट्टीनं जाड थर खरवडून डिझेलमध्ये ब्रश बुडवलाही होता. घासलं, वेस्टनं पुसलं, लगेच तेलाचा हात फिरवला.

“बीड उघडं ठिवायचं नसतंय साहेब. रातीत लाली धरतंय.”

तेव्हा त्यांची बोटं दिसली. पेरापेरांत काळ्या भेगा. ग्रीस विरघळवणारं द्रावण कातडीतलं तेल थोडंच सोडतं? बेडला तेल कधी लावायचं ते मशीनच्या पुस्तिकेत छापलेलं असतं. हातांची पुस्तिका कुणी छापत नाही. लाखोंचं मशीन घेणाऱ्याला हातमोजे मात्र महाग वाटतात. भाच्याला मी तिथंच फैलावर घेतलं. या वेळी तयारी नसताना.

दुसऱ्या दिवशी रबरी हातमोजे आले. तात्यांनी एक जोडी चढवली, दुसरी माझ्यापुढं धरली.

“घ्या साहेब. आता हात खराब व्हायचं भ्या नाही. चकच्या जबड्यातलं ग्रीस ऱ्हायलंय.”