धुळीचा दुष्काळ

ओहायोतल्या छोट्या गावांत शनिवारी सकाळी लोक गराजचं दार उघडून घरातली अडगळ विकायला मांडतात. त्या गर्दीत हा गृहस्थ हमखास सापडतो. वय साठीच्या पुढे, खिशात स्क्रूड्रायव्हर. नजर कोपऱ्यातल्या, पिशवीच्या चिंध्या झालेल्या व्हॅक्यूम क्लीनरवर, पण भाव वाढू नये म्हणून चौकशी मात्र टोस्टरची. शेवटी जाता जाता सहज सुचल्यासारखं ते धूड तो पाच डॉलरला उचलतो, गाडीत पुढच्या सीटवर ठेवतो आणि त्याला सीटबेल्ट लावतो. बायको सोबत असेल तर ती मागे बसते.

जुने व्हॅक्यूम क्लीनर दुरुस्त करणं हा त्याचा छंद. घरी आल्यावर तो आधी वायर कापून टाकतो, कारण आतलं रबर कुजलेलं असतं. नवी वायर कापडी वेष्टनाची आणि जुन्याच रंगाची हवी. मग मोटार उघडायची, झिजलेले कार्बन ब्रश बदलायचे, कम्युटेटरचं काळं पडलेलं तांबं बारीक पॉलिश पेपरने घासायचं, बेअरिंगमधलं दगड झालेलं ग्रीस धुऊन नवं भरायचं. अ‍ॅल्युमिनियमचं अंग बफिंगच्या चाकावर इतकं चमकवायचं की त्यात दाढी करता यावी. स्वतःच्या शर्टाला त्याने जन्मात बटण लावलेलं नाही, पण हूवर कंपनीच्या १९३६ च्या यंत्राच्या पिशवीला दुहेरी शिवण घालतो. बायकोचं शिवणयंत्र त्या कामी कधीच जप्त झालं आहे.

जुन्या पिशवीत सापडलेली धूळसुद्धा तो फेकत नाही. बरणीत भरून वर मॉडेलची चिठ्ठी लावतो.

त्याच्याकडे जेवायला गेलं की सूप येण्याआधी इतिहास येतो. याच ओहायोत, कॅन्टन गावी, जेम्स मरे स्पँगलर नावाचा झाडूवाला एका दुकानात काम करायचा. त्याला दमा, आणि केर काढताना उडणारी धूळ छातीत जायची. त्याने साबणाचं खोकं, पंख्याची मोटार, झाडूचा दांडा आणि उशीचा अभ्रा जोडून यंत्र बनवलं आणि १९०८ मध्ये पेटंट घेतलं. शेजारच्या गावातल्या विल्यम हूवरचा धंदा घोड्यांच्या चामडी सामानाचा. मोटारगाड्या आल्यावर घोड्यांचं काय होणार हे ओळखून त्याने ते पेटंट विकत घेतलं. गोष्ट इथवर आली की यजमानाचा गळा दाटतो. एखाद्याने मध्येच म्हणावं, लंडनमध्ये ह्यूबर्ट बूथने १९०१ मध्येच यंत्र काढलं होतं आणि पुढच्या वर्षी राज्याभिषेकासाठी वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीतला गालिचा त्याच यंत्राने साफ केला होता, तर हा थंडपणे विचारतो, "ते घोडागाडीवरून आणावं लागायचं. तुम्ही जिन्याखाली ठेवाल?"

सिनेमा त्याच्यासोबत पाहू नये. नायिका रडत असते आणि हा पुटपुटतो, "कथा १९३२ ची, आणि कोपऱ्यात हेन्री ड्रेफसने घडवलेलं हूवरचं मॉडेल १५०! ते १९३६ मध्ये आलं." नायिका का रडते आहे, हे त्याला आजवर एकाही सिनेमात कळलेलं नाही.

पण त्याचं खरं दुःख वेगळंच आहे. घरात तीस-चाळीस यंत्रं, आणि पडून राहिलं तर ग्रीस घट्ट होतं, म्हणून प्रत्येकाला पाळीपाळीने चालवायचं. रोज सकाळी एक, संध्याकाळी एक. त्यामुळे घरात कणभर धूळ उरलेली नाही. हूवरने १९२६ मध्ये फिरत्या रुळावर गालिचा बडवणाऱ्या पट्ट्या बसवल्या. त्या पट्ट्यांचा मार खाऊन दिवाणखान्यातल्या गालिच्याचे केस गळून त्याला टक्कल पडलं आहे. आपल्याकडे केरसुणीला लक्ष्मी मानून दिवाळीत हळद-कुंकू वाहतात आणि दुसऱ्या दिवशी तिला कामाला लावतात. इथे पूजा बारमाही, केराचेच वांधे.

मग तो केर मिळवायला निघतो. ज्या शेजाऱ्याचा कुत्रा केस गाळतो, त्या शेजाऱ्याशी त्याची घट्ट मैत्री. घरोघरी फिरणारे विक्रेते पूर्वी गालिच्यावर मुद्दाम माती सांडून यंत्राची करामत दाखवत. हा तेच स्वतःच्या घरी करतो, बायको बाजारात गेली की. ती परतल्यावर शपथेवर सांगतो की काही सांडलं नव्हतं, आणि गालिचा पाहून तिला ते खोटं म्हणताही येत नाही. तीच एकदा म्हणाली, "याला पाहुणे आवडतात असं लोकांना वाटतं. याला पाहुण्यांचे बूट आवडतात."

आम्हा मराठी मंडळींवर त्याचा म्हणूनच राग आहे. आम्ही दारातच चपला काढतो, वर पायपुसण्याला पाय पुसतो. तो "अहो राहू द्या, राहू द्या" म्हणत असतो, आणि आम्हाला तो विनय वाटतो.

तेव्हा कधी त्याच्याकडे जेवायला जाण्याचा योग आलाच, तर वाइन नको, फुलंही नकोत. पाऊस पडून गेलेला असेल तर अंगणातून आडवे चालत जा, आणि बूट घालूनच आत शिरा.