चार सीट, तीन माणसं

भाऊजींचं विमान १९६५ सालचं, म्हणजे त्यांच्यापेक्षा दोन वर्षांनी मोठं. दोघांनीही दरवर्षी अंग तपासून घ्यावं असं ताईचं मत आहे, पण अमेरिकन सरकारने सक्ती केलीय ती फक्त विमानाला.

सेस्ना १७२. चार सीट, एक इंजिन, डोक्यावर पंख. या जातीची ४४ हजारांहून जास्त विमानं बनली. एवढी पैदास दुसऱ्या कुठल्याच विमानाची नाही. लॉस एंजलिसजवळच्या टॉरन्स विमानतळावर अशी ओळीने उभी असतात. भाऊजी आपलं लांबूनच ओळखतात. ज्याच्या पोटाखाली तेल ठिबकलेलं, ते आपलं. "ठिबकतंय म्हणजे आत आहे," असं त्यांचं म्हणणं.

वार्षिक तपासणीत मेकॅनिक सीटा, झाकणं, सगळं काढून ठेवतो आणि सहाही सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजतो. गुण ऐंशीपैकी. मी पोचलो तेव्हा निकाल नुकताच लागला होता आणि घरात दहावीला पोरगा गचकल्यासारखी शांतता होती. जेवता जेवता भाऊजी पुटपुटले, "तिसरा घसरला." मला वाटलं, नात्यातलं कोणी जिन्यावरून पडलं. पाच सिलिंडर सत्तरच्या वर होते, तिसरा अठ्ठावन्नवर. मेकॅनिकने पास केलं होतं, पण शेरा मारून. नवा सिलिंडर म्हणजे हजारो डॉलर. साधा दिवा घ्यायचा तरी मंजुरीचा कागद लागतो, आणि तो कागद जोडला की विमानाआधी किंमत उडते.

तिसऱ्यावर विश्वास टाकून रविवारी कॅटलिना बेटावर बर्गर खायला जायचं ठरलं. तिथल्या हौशी वैमानिकांत याला 'शंभर डॉलरचा बर्गर' म्हणतात. बर्गर साधाच, बाकीचे पैसे पेट्रोलचे. शंभर हा आकडाही आता जुना झाला. शिवाय भाऊजी शाकाहारी. ते तिथे जाऊन फ्राइज खातात.

आधी वजनं. सगळं मिळून १०४३ किलोंच्या वर जाता कामा नये. त्यातले सहाशेच्या वर विमानाचेच, शंभरेक किलो भरलेल्या टाक्यांचे. उरलेल्या तीनशेत माणसं, लाइफ जॅकेटं आणि भाऊजींची हत्यारांची पेटी. स्वतःच्या नावापुढे भाऊजींनी पंच्याहत्तर लिहिलं.

"लग्नातही तेवढेच होते," म्हणत ताईने बाथरूममधला वजनकाटा आणला. काटा अठ्ठ्याण्णववर थांबला. माझंही वजन झालं. त्याचा तपशील इथे नको.

"टाक्या अर्ध्याच भरल्या तर?" मी विचारलं.

"समुद्रावर?" भाऊजींनी माझ्याकडे असं पाहिलं की मी विषय बदलला. शेवटी आमची ही म्हणाली, "मी आपली बोटीने येते." इतक्या आनंदाने विमानाची सीट सोडणारं माणूस मी पाहिलेलं नाही.

विमानतळावर भाऊजी स्ट्रटला धरून वर चढले आणि टाकीत काठी बुडवून पेट्रोल मोजलं. काटे आहेत, पण ते शोभेचे. मग खालून थोडं पेट्रोल पारदर्शक पेल्यात काढून उन्हात धरलं. निळंशार. पाणी नाही. दार तीनदा आपटल्यावर लागलं.

किनाऱ्यावरच उंची गाठून आम्ही समुद्रावर शिरलो. इंजिन बंद पडलं तरी हे विमान दगडासारखं कोसळत नाही. हजार फुटांमागे साधारण दीड मैल तरंगत जातं. साडेपाच हजार फुटांवरून इकडचा किनारा आठ मैलांपर्यंत गाठता येतो, पलीकडून बेटही तेवढंच.

"आणि मधला टापू?"

"तिथे लाइफ जॅकेट."

पाणी सुरू झालं की इंजिनाचा आवाज बदलल्यासारखा वाटतो, हा जुन्या वैमानिकांचा अनुभव. मला तर सहाही सिलिंडर वेगवेगळे ऐकू येत होते. मागे ताई झोपली होती.

कॅटलिनाचा विमानतळ १६०२ फुटांवर, दोन टेकड्यांची डोकी छाटून, मधली घळ बुजवून केलेला. धावपट्टीला मध्येच उंचवटा आहे. टेकल्यावर पट्टी संपल्यासारखी दिसते आणि पुढे थेट आकाश. माझ्या तोंडून निघालेला शब्द हेडसेटमुळे सगळ्यांना नीट ऐकू गेला.

मी बायसनचा बर्गर खाल्ला. १९२४ मध्ये सिनेमासाठी बेटावर बायसन आणले आणि त्यांचा वंश तिथेच वाढला. भाऊजींचे फ्राइज चालले होते, तोच खालच्या अ‍ॅव्हलॉन गावातून हिचा फोन: पाय समुद्रात आहेत, हातात आइस्क्रीम आहे, तुम्ही कुठे? गाव दहा मैलांवर, खाली. धुकं यायच्या आत परतायचं म्हणून भाऊजी हलेनात. ताई मात्र पर्स उचलून बसमध्ये जाऊन बसली. "आम्ही दोघी बोटीने येतो. धक्क्यावर घ्यायला या."

रिकाम्या सीटांनी भाऊजी खुलले. "आता बघ कसं चढतं!" आणि खरंच चढलं.

बोटीच्या कितीतरी आधी आम्ही टॉरन्सला उतरलो. मग विमान ढकलत जागेवर नेणं, दोरांनी बांधणं, पंखांवरचे किडे पुसणं. शेजारच्या सेस्नाचा मालक आला, त्याचाही पाचवा घसरलेला. अर्धा तास त्यात गेला. धक्क्यावरून ताईचा फोन आला तेव्हा भाऊजी विमानाखाली उताणे पडून तेल पुसत होते.

"सांग तिला," ते खालून म्हणाले, "ट्रॅफिकमध्ये अडकलोय."